विहीणबाईंचं गाव सापडलं: नॉर्वेच्या डिजिटालआर्किव्हेटचा माझा अनुभव

गेल्या चतुर्थीला आमच्या विहीणबाई अमेरिकेतल्या मिनेसोटाहून वेंगुर्ल्याला आल्या होत्या. आरतीला जमलेल्या बायकांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "गाव खंयचो?" लेकीने समजावून सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, "मिनेसोटा." "तां ऱ्हवाचां झालां. मूळ गाव खंयचो?" त्यावर त्यांना काही सांगता येईना. पणजोबा नॉर्वेहून आले एवढंच त्यांना माहीत. पंचाहत्तरीच्या बाईला आपलं गाव ठाऊक नाही, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली.

त्या परत गेल्यावर मी शोधायला बसले. तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, हजेरीपटं आणि जनरल रजिस्टरं सांभाळली, त्यामुळे जुन्या वह्यांची भीती नाही. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची डिजिटालआर्किव्हेट नावाची सेवा आहे. चर्चच्या वह्या, जनगणना, देश सोडून गेलेल्यांच्या याद्या, सगळं मोबाइलवर उघडतं. पैसे नाहीत, खातं उघडायला नको, आणि पडदा इंग्रजीत करून घेता येतो.

हाताशी होतं ते त्यांच्या घरच्या बायबलचं पहिलं पान. त्यावर पणजोबांची जन्मतारीख, मार्च 1856, आणि सोग्न भागातल्या एका चर्चचं नाव. आडनावाचा मात्र काडीचा उपयोग झाला नाही. तिथे तेव्हा ऊलेचा मुलगा ओल्सेन आणि मुलगी ओल्सदातर, म्हणजे दर पिढीला नवं नाव. त्यापुढे राहत्या शेताचं नाव लागायचं, आणि माणूस दुसऱ्या शेतावर गेला की तेही बदलायचं. 1923 च्या कायद्याने कुटुंबाला एकच कायमचं आडनाव ठरलं. आपली 'कर' लावलेली आडनावं गाव सुटलं तरी गावाला धरून राहतात, तिथे शेताचं नाव शेतावरच राहायचं. त्या शेतांच्या नावांचे अर्थ बघताना मी हरखून गेले. हाउगेन म्हणजे आपला टेंब, छोटी टेकडी; व्हीक म्हणजे समुद्राची आत शिरलेली बाक.

म्हणून शोधणाऱ्याने आडनाव सोडावं. पहिलं नाव, जन्मसाल आणि चर्च एवढंच टाकावं. स्पेलिंगची खात्री नसेल तर दोन-तीन अक्षरं टाकून पुढे तारा (*) द्यावा, बाकीचं यंत्र भरून काढतं.

1865 च्या जनगणनेत त्या नावाचा एक मुलगा मिळाला, पण वय 10 लिहिलेलं. गणती 31 डिसेंबरची, म्हणजे मार्च 1856 चा मुलगा नऊ वर्षांचा हवा. हा तो नव्हे म्हणून मी दोन दिवस भलतीकडेच शोधत बसले. मग कळलं की त्या गणतीत चालू वर्ष धरून वय लिहीत. आपल्याकडे म्हणतात ना, "पोराला दहावं लागलं", अगदी तसं. मी मुलाच्या आईबापांची नावं बायबलशी ताडून पाहिली. जुळली.

बापापुढे लिहिलं होतं हुस्मन, म्हणजे कूळ. दुसऱ्याच्या शेताच्या कडेला खोपटं, थोडी जमीन कसायला, आणि त्या बदल्यात मालकाकडे राबायचं. त्याच ओळीत गुरांची मोजदाद होती: गाई 2, मेंढ्या 6, घोडा नाही. आणि किती पिंपं बटाटे लावले तेही. खंडी-पायलीचा हिशेब बघत वाढलेल्या मला त्या एका ओळीत ते घर दिसलं.

पुढचं चर्चच्या वहीत. अक्षर जुनं गॉथिक वळणाचं, मोडी न शिकलेल्याला मोडी दिसावी तसं. पण रकाने ठरलेले असतात, एकदा रकाना ओळखला की शब्दही हळूहळू लागतात. तिथे चौदा-पंधराव्या वर्षी पाद्र्यापुढे मुलांची धर्मज्ञानाची परीक्षा व्हायची. 1871 च्या पानावर पणजोबांचं नाव, शेजारी देवी काढल्याची तारीख आणि पुढे पाद्र्याचा शेरा: ज्ञान चांगलं. मी आयुष्यभर असेच शेरे लिहिले. ते पान मी किती वेळ बघत राहिले ते सांगता येणार नाही. विहीणबाईंना पाठवलं तेव्हा तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते, तरी त्यांनी लगेच फोन केला.

शेवटचा दुवा बर्गन बंदराच्या पोलिसांच्या यादीत मिळाला. 1874 पासून तिथून परदेशी निघालेल्यांची नोंद आहे: नाव, वय, कुठून आला, कुठे चालला. नॉर्वेहून पहिली टोळी 1825 मध्ये स्तावांगरहून रेस्टोरेशन नावाच्या छोट्या गलबतातून निघाली. 52 माणसं निघाली आणि वाटेत एक बाळ जन्मलं, म्हणून न्यूयॉर्कला 53 उतरली. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे 8 लाख गेली. 1865 मध्ये सगळा देशच 17 लाखांचा होता, यावरून किती घरं रिकामी झाली ते कळतं.

आणि तिकडे गेल्यावर त्यांनी काय केलं? आपल्या चाकरमान्यांनी केलं तेच. गिरणगावात जशी गावाची खोली आणि ग्रामस्थ मंडळ, तशी त्यांची बुग्देलाग, एकेका खोऱ्यातल्या माणसांची मंडळं. पहिला मेळा 1899 मध्ये मिनियापोलिसला भरला. मिनेसोटातल्या नॉर्थफील्डला 1925 मध्ये नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास संस्था निघाली, तिथे पत्रं, रोजनिशा, मंडळांचे कागद जपतात. विहीणबाईंनी आजीच्या पेटीतली अकरा पत्रं तिथेच दिली. गंजलेल्या टाचण्या काढून, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात, आलेल्या क्रमानेच ठेवतात, असं त्या कौतुकाने सांगत होत्या. शेतावरच्या बाईने पोराला लिहिलेलं चार ओळींचं पत्रही तिथे मोलाचं मानतात, ही गोष्ट मला सगळ्यात आवडली.

ते ऐकताना मला आमची चूक आठवली. आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाची जुनी वर्गणीवही सासऱ्यांकडे होती. कोणी चार आणे दिले, कोणाच्या तेराव्याला मंडळाने किती मदत केली, सगळं त्यात. तिची पहिली पाच पानं मीच एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली, टिकतील म्हणून. आत ओल अडकली, दोन पावसाळ्यांत काळे ठिपके आले, शाई पसरली. प्लास्टिक काढायला जावं तर कागद त्याच्याबरोबर सुटून येतो. कोणीही जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, कळकळीने सांगते.

उरलेल्या पानांचे आता मी फोटो काढते आहे. सकाळी नऊच्या सुमारास पडवीत सारखा उजेड असतो, तेव्हाच. पान सपाट ठेवायचं, दाबायचं नाही, शेजारी मोजपट्टी आणि पान क्रमांकाची चिठ्ठी. प्रत्येक नावापुढे वाडी आणि घर लिहिते, कारण एकाच नावाचे तीन-तीन जण आहेत. काल 61 व्या पानापर्यंत आले. त्यावर सासऱ्यांच्या थोरल्या भावाचे आठ आणे जमा आहेत, साल 1938.