‘तुमची सेव्हन आयर्न पंधरा यार्ड लांब जाईल’: आयर्न विकतानाची हातचलाखी

गोल्फच्या आयर्नचा, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबांचा (काठ्यांचा) नवा सेट गळ्यात पडतो तो बहुधा याच वाक्याने. दुकानातल्या कृत्रिम गवताच्या मॅटवर दहा-बारा शॉट होतात, पडद्यावर खरंच पंधरा यार्ड जास्त दिसतात आणि पैसे मोजले जातात. मैदानावर गेल्यावर कळतं की स्कोअर होता तिथेच आहे, वर बॅगेत एक भलंमोठं भगदाड पडलंय. यात धडधडीत खोटं असं फारच थोडं बोललेलं असतं, म्हणून नंतर भांडायचीही सोय राहत नाही.

पहिली मेख क्लबच्या तळावरच्या आकड्यात. ‘7’ कोरलेल्या क्लबचा लॉफ्ट (डोक्याचा पृष्ठभाग मागे किती कललाय तो कोन; तो आणि क्लबचा आकडा जितका कमी, तितका चेंडू लांब) किती असावा याला कुठलाच नियम नाही. 1990 च्या दशकात सेव्हन आयर्नचा लॉफ्ट साधारण 34 ते 36 अंश असे. आज ‘लांब जाणारे’ म्हणून विकले जाणारे बरेच सेट 27 ते 30 अंशांचे असतात आणि शाफ्टही (दांडा) थोडा लांब असतो. शेजारच्या दोन आयर्नमध्ये ढोबळमानाने 3-4 अंशांचा फरक असतो. म्हणजे हातात दिलेली नवी सेव्हन ही लॉफ्टने जुनी सिक्स असते, कधी कधी तर फाइव्हच. लॉफ्ट कमी करण्यामागे निर्मात्यांचं एक खरं कारण आहे: वजन खाली सरकवलं की चेंडू आपसूक उंच उडतो. पण ते कारण तुलना चोख करत नाही. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारायचा, ‘हिचा लॉफ्ट किती?’ उत्तर 29 अंश आलं, तर आपली जुनी सेव्हन बाजूला ठेवून तितक्याच लॉफ्टचा जुना क्लब काढायचा आणि त्याच्याशी तुलना करायची. पंधरातले बहुतेक यार्ड तिथेच विरघळतात.

याचं बिल पुढे येतं. अशा सेटमधली पिचिंग वेज 42-43 अंशांची असते (वेज म्हणजे जवळच्या अंतरासाठीचा जास्त लॉफ्टचा क्लब). आपली सँड वेज 56 ची. मधल्या 13-14 अंशांत एकही क्लब नाही, म्हणजे शंभर यार्डांच्या आसपास अर्धामुर्धा स्विंग करत बसायचं. मग 48 आणि 52 च्या दोन वेज विकत घ्यायच्या. नियमाने क्लब चौदाच, म्हणून लांब अंतराच्या क्लबांतून काहीतरी काढायचं. बहुधा फोर आयर्नच जाते, कारण 20 अंशांच्या आसपासचा तो क्लब साधारण वेगाच्या खेळाडूकडून हवेत चढतच नाही.

आता पडदा. लाँच मॉनिटर, म्हणजे शॉट मोजून आकडे पडद्यावर दाखवणारं यंत्र, स्वतः खोटं बोलत नाही, त्याच्या सेटिंगमधून बोलवून घेता येतं. समुद्रसपाटीपासूनची उंची वाढवली की दर हजार फुटांमागे अंतर साधारण एका टक्क्याने वाढतं. तापमान वाढवलं की आणखी थोडं. जमीन ‘कडक’ ठेवली की रोल (टेकल्यावर चेंडूचं घरंगळणं) फुगतो. जुना क्लब मीटरमध्ये आणि नवा यार्डात दाखवला तर विचारायलाच नको: 140 मीटर म्हणजेच 153 यार्ड. पहिला शॉट मारण्याआधी सेटिंगचं पान उघडायला सांगा. टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरायला हरकत नाही.

ओळ वाचायची कशी, तेही पाहू. समजा पडद्यावर आलं: कॅरी (चेंडू टेकेपर्यंतचं अंतर) 158 यार्ड, टोटल (रोल धरून) 171, स्पिन (चेंडूचे मिनिटाला फेरे) 4200, उतरण्याचा कोन 39. विक्रेत्याचं बोट 171 वर असतं. तुम्ही स्पिन आणि कोन पाहायचा. अमेरिकन पीजीए टूरवरच्या खेळाडूंचा सेव्हन आयर्नचा स्पिन सरासरी सात हजारांच्या घरात आणि कोन 50 अंशांच्या आसपास असतो. 39 अंशांनी, इतक्या कमी स्पिनने उतरलेला चेंडू झेंड्याजवळ पडून ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) मागे निघून जातो. आयर्नसाठी कोन 45 च्या खाली फार घसरू नये. शिवाय, बंद जागेतल्या काही रडार यंत्रांना स्पिन नीट मोजायला चेंडूवर धातूची टिकली लागते. ती नसेल तर स्पिन अंदाजाने काढलेला असतो. स्मॅश फॅक्टरही (चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग) बघा. सेव्हनसाठी 1.33 उत्तम, कमी लॉफ्टच्या सेव्हनला 1.40 पर्यंत समजू शकतं. 1.48 वारंवार दिसू लागला तर तो ड्रायव्हरचा (सर्वांत लांब जाणाऱ्या क्लबचा) आकडा आहे. कुठेतरी मोजमाप चुकतंय.

मॅटचा लबाडपणा वेगळाच. चेंडूच्या दोन इंच मागे बसलेला क्लब मॅटवरून घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि शॉट बरा दिसतो. गवतावर तोच शॉट वीस यार्ड आखूड पडतो. रुंद तळाच्या नव्या क्लबला याचा फायदा जास्त. त्यात जुना क्लब अंग थंड असताना मारायला लावतात, नवा अंग मोकळं झाल्यावर. उपाय साधा: एकच चेंडू, तीन शॉट जुन्याने, तीन नव्याने, पुन्हा तसंच. आणि ‘हा राहू द्या, नीट लागला नाही’ म्हणत एकही शॉट पुसू द्यायचा नाही. वाईट शॉट किती आखूड पडतात हीच तर खरी माहिती.

हे सगळं जमतं ते स्वतःची कॅरी आधीच माहीत असेल तर. वारा नसताना, गवतावरून, आपण खेळतो तोच चेंडू. रेंजचे (सरावाच्या मैदानाचे) चेंडू बरेचदा कमी जातात म्हणून ते नकोत. प्रत्येक आयर्नने दहा शॉट. चेंडू जिथे पहिल्यांदा टेकला ती जागा साथीदाराने दाखवायची आणि लेझर रेंजफाइंडरने मोजायची. सर्वांत लांब शॉट ‘आपलं अंतर’ धरू नका, मधला धरा. शेजारच्या दोन क्लबमध्ये 10 ते 15 यार्डांचं अंतर पडायला हवं.

सेट आधीच घेतला असेल तर लॉफ्ट-लाय मशीनवर (लाय म्हणजे दांड्याचा जमिनीशी कोन) प्रत्येक क्लब मोजून घ्या. वापरलेल्या सेटमध्ये एखादा क्लब आधीच्या मालकाने वाकवलेलाही सापडतो. मऊ पोलादाचे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) क्लब एक-दोन अंश वाकवता येतात. एका अंशाला साधारण 2-3 यार्डांचा फरक पडतो. लॉफ्ट जितका वाढवाल तितकाच बाउन्सही (क्लबच्या तळाचा जमिनीशी कोन) वाढतो. ओतीव कडक पोलादाचा क्लब मात्र मानेशी मोडू शकतो, तिथे जोर लावू देऊ नका.