परत चित्राकडे वळताना: जलरंग की तैलरंग?

चार वर्षं ब्रशला हात लावला नव्हता. परत बसायचं, तर कशाने?

जलरंगाला तयारी जवळजवळ लागतच नाही. पॅलेटवरचा निळा वाळून खडा झाला होता; दोन थेंब पाणी टाकलं आणि तो लगेच सुटला. किती बरं वाटलं! पण इथे पांढरा म्हणजे कोरा कागद. तो एकदा झाकला की गेला, त्यामुळे बिचकलेला हात आणखीच बिचकतो.

तैलरंगाचं उलट. जवसाच्या तेलातला रंग सहसा काही दिवस ओला राहतो. चुकलं तर नाइफने खरवडा, पुन्हा लावा. रंग पातळ करायला लागणाऱ्या टर्पेंटाइनचा वास मात्र लहान खोलीत सोसत नाही, खिडकी उघडी हवीच. तरी अडलेल्याला मी तैलरंगच सांगेन: रात्री बिघडलेलं आभाळ सकाळीही बदलता येतं.