तीन प्रकारचे ब्रेक पॅड आणि स्टिअरिंगची थरथर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी साधीच आहे. फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, माझ्यासकट अंदाजे १,३०० किलो, पुढे व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणाऱ्या) डिस्क आणि एका पिस्टनचा सरकता कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. रोज कामाला हीच आणि महिन्यातून एखादा दिवस रेसिंग ट्रॅकवरही हीच. नऊ महिन्यांत बरेच ट्रॅक डे झाले आणि पॅडचे तीन प्रकार वापरून झाले. ब्रँडची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण अर्ध्या चुका माझ्याच होत्या.

सुरुवात गाडीसोबत आलेल्या सिरॅमिक पॅडवर झाली. रस्त्यावर ते लाडके: आवाज नाही, धूळ नाही. दुसऱ्या ट्रॅक डेला तिसऱ्या सेशनमध्ये लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हातात डावी-उजवीकडे झटके द्यायला लागलं. १४०च्या आसपास सुरू झालं, ९०च्या खाली गेल्यावर गायब. पेडलही पायाखाली ठोके देत होतं. निदान मी जागेवरच करून टाकलं: डिस्क वाकली. डिस्क काढल्या, लेथवर दोन्ही बाजूंनी साफ करून घेतल्या. थरथर गेली. पुढच्या ट्रॅक डेला दुपारपर्यंत परत आली. मग नव्या डिस्क घातल्या, पॅड मात्र तेच ठेवले, कारण त्यांच्यावर ‘अजून भरपूर माल’ होता. एका दिवसात पुन्हा तेच.

तेव्हा कुठे मोजमाप करायची बुद्धी झाली. डायल गेज लावला तर रनआऊट (फिरताना डिस्क किती डोलते ते) ०.०३ मिमी, म्हणजे काहीच नाही. बऱ्याच गाड्यांना ०.०५पर्यंत चालतं. डिस्क सरळ होती. मग मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली. सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत १८ मायक्रॉनचा फरक निघाला. केसाच्या जाडीच्याही बराच खाली, पण १२०च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण सतरा फेऱ्या मारतं आणि प्रत्येक फेरीत तो उंचवटा पॅडला ढकलून जातो. हाताला जाणवतं ते हे.

उंचवटा नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता. उजव्या डिस्कवर करड्या-निळसर रंगाचा एक डाग, आकार हुबेहूब पॅडचा. पॅडच्या मधोमध जी खाच असते, तिची स्वच्छ रेघसुद्धा त्या डागात उमटलेली. शिक्का मारल्यासारखी. तो कधी पडला ते लगेच आठवलं: सेशन संपवून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) आलो होतो आणि मित्राशी बोलत चांगला मिनिटभर ब्रेकवर पाय दाबून उभा होतो.

पॅड दोन तऱ्हांनी काम करतो: एक तर डिस्कचं लोखंड घासून, दुसरं म्हणजे स्वतःचाच पातळ थर डिस्कवर बसवून आणि मग त्या थराशी पकड घेऊन. थर सगळीकडे सारखा असेल तर ब्रेक लोण्यासारखा लागतो. पण रस्त्याचा पॅड त्याच्या ताकदीबाहेर तापला की त्यातला बांधून ठेवणारा रेझिन जळायला लागतो आणि माल डिस्कवर ठिगळाठिगळांनी फासला जातो. जिथे थर जाड, तिथे घर्षण जास्त, म्हणून ती जागा आणखी तापते, म्हणून आणखी माल चिकटतो. साधारण ६५०–७०० अंशांपुढे त्या जागेखालच्या ओतीव लोखंडात सिमेंटाइट हे लोह-कार्बनचं संयुग तयार होतं. ते भोवतालच्या लोखंडापेक्षा कितीतरी कठीण असतं आणि आत खोलवर जातं. लेथने वरचा पापुद्रा निघतो, पण कठीण ठिपका खाली राहतो, भोवतालपेक्षा हळू झिजतो आणि थोड्या दिवसांत पुन्हा उंचवटा होतो. माझे लेथचे पैसे का वाया गेले ते इथे कळलं.

एवढी उष्णता येते कुठून असं वाटत असेल तर हिशेब करा. १,३०० किलोची गाडी १६०वरून ८०वर आणली की सुमारे साडेनऊ लाख ज्यूल ऊर्जा काही सेकंदांत उष्णता होऊन बाहेर पडते. वेग निम्मा, पण ऊर्जा तीन चतुर्थांश गेली. तीही बहुतेक पुढच्या दोन डिस्कमधून, आणि प्रत्येक लॅपला, त्याच त्या वळणापाशी.

दुसरे पॅड घेतले ते ‘रस्ता आणि ट्रॅक दोन्ही’वाले सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातू मिसळलेले. यात पहिली घोडचूक अशी, की डाग पडलेल्या जुन्या डिस्कवरच ते चढवले. एका कंपाउंडच्या (पॅडच्या मिश्रणाच्या) थरावर दुसरं कंपाउंड नीट बसत नाही, आणि पहिले दोन आठवडे हलकी थरथर राहिलीच. मग डिस्क बदलल्या, या वेळी हबसकट (डिस्क ज्यावर बसते तो भाग) सगळं तपासून. डावीकडे नवी डिस्क बसवल्यावर रनआऊट चक्क ०.०९ आला. हबवर गंजाची एक खपली होती. वायर ब्रशने ती काढली आणि नट टॉर्क रेंचने आडव्यातिडव्या क्रमाने आवळले, तर ०.०३. असा रनआऊट पहिल्या दिवशी काहीच त्रास देत नाही. ब्रेक न दाबताही डिस्क प्रत्येक फेरीत एकाच जागी पॅडला चाटत राहते आणि काही हजार किलोमीटरनंतर जाडीतला फरक आपोआप तयार होतो. मग शिव्या पॅडला बसतात.

हे पॅड तीन ट्रॅक डे व्यवस्थित चालले. डिस्कच्या कडेला तापमान दाखवणारा रंग लावला होता: हिरवा ४३०ला बदलतो, नारंगी ५६०ला, लाल ६१०ला. हिरवा आणि नारंगी दोन्ही गेले, लाल शाबूत. पॅडच्या खोक्यावर कमाल ५५० लिहिलेलं. म्हणजे मी मर्यादेच्या थोडा पलीकडेच चालत होतो, आणि उकाड्याच्या दिवशी शेवटच्या सेशनला थरथरीची चाहूल लागलीच. पिटमध्ये इन्फ्रारेड गनने मोजून समाधान मानणाऱ्यांनी लक्षात घ्या, तोवर डिस्क बरीच थंड झालेली असते.

तिसरे, निव्वळ ट्रॅकचे पॅड. कोऱ्या डिस्कवर, सांगितलंय तसं बेडिंग (पॅडचा थर डिस्कवर सारखा बसवणं) करून: १००वरून ३०पर्यंत दहाएक वेळा, दर वेळी थोडं जास्त दाबून, गाडी पूर्ण न थांबवता, आणि मग दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता फिरवून थंड. डिस्कवर सगळीकडे एकसारखी निळसर झाक आली. त्यानंतरच्या तीन ट्रॅक डेंमध्ये थरथर शून्य. पेडल स्पंजसारखं होणं हा वेगळा आजार, तो ब्रेक फ्लुइड उकळण्याचा. त्याची इथे गल्लत नको.

त्याची किंमतही मोजली. सकाळी पहिला ब्रेक लाकडाचा ठोकळा दाबल्यासारखा. सिग्नलला थांबताना लोक वळून बघतात. रिमवर बसलेली लोखंडी धूळ पाऊस लागला की गंजून चिकटते आणि साध्या शॅम्पूने निघत नाही. डिस्क नवी २२ मिमी होती, आता २१.४, कडेवर कोरलेली किमान जाडी २०. मोठा तोटा मात्र वेगळाच: थंड असताना हा पॅड थर बसवत नाही, उलट खरवडून काढतो. पुढे एकदा महिनाभर रस्त्यावर तोच चालवून ट्रॅकवर गेलो, तर पहिल्या तीन लॅप बारीक थरथर, मग थर पुन्हा बसला आणि गेली.

म्हणून आता दोन संच आहेत: रस्त्याचे पॅड त्यांच्या डिस्कवर, ट्रॅकचे त्यांच्या डिस्कवर, सगळ्यावर मार्करने डावी-उजवी लिहिलेलं. आदल्या संध्याकाळी बदलायला पाऊण तास लागतो. शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता काढतो आणि पिटमध्ये गाडी गिअरमध्ये टाकून उभी करतो, हँडब्रेकही नाही. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी मजेखातर ट्रॅकवर जाणाऱ्याला मी दुसऱ्या प्रकाराचे पॅडच सुचवेन, फक्त सेशन लहान ठेवा.

परवा पॅड काढले तेव्हा डावीकडचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जवळजवळ २ मिमी जास्त झिजलेला दिसला. कॅलिपरची खालची पिन कोरडी पडली होती. साफ करून ग्रीस भरलंय.