नववीतल्या पोराला कुठल्या कॅम्पला पाठवायचं: खाजगी, एनसीसी की यूथ हॉस्टेल?

आमच्याकडे तिन्ही झालंय, थोरल्याचं खाजगी समर कॅम्प आणि एनसीसी, धाकटीचा यूथ हॉस्टेल असोसिएशन या संस्थेचा सारपास, म्हणजे हिमालयातला ट्रेक. तेव्हा सांगते.

खाजगी कॅम्पपासून सुरुवात करू कारण जाहिराती त्यांच्याच जास्त. पवना, कोलाड, भंडारदरा, पाचेक दिवस, झिपलाइन, रॅपलिंग, राफ्टिंग आणि वर ‘लीडरशिप’ लिहिलेलं असतंच. आम्ही ज्याच्याकडे पाठवलं (नाव नको) तिथे पोरगा झिपलाइनवर अर्धा मिनिट होता आणि रांगेत पाऊण तास, हार्नेस दादांनी बांधला, तंबू आधीच लावलेले, ताटं मावशींनी घासली आणि संध्याकाळी डीजे. मजा आली त्याला, नाही असं नाही! पण शिकला काय म्हणाल तर आईशिवाय चार रात्री झोपायला. पहिल्यांदाच घराबाहेर राहणाऱ्या मुलाला तेवढंही पुरतं म्हणा. फक्त पैसे भरायच्या आधी विचारा, की राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, आणि दुपारी चार ते रात्री आठ मुलं नक्की काय करतात. दुसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याकडे फक्त दोर आणि पुली आहे असं समजायचं.

एनसीसीचा कॅम्प दहा दिवसांचा. पहाटे उठा, फॉल-इन म्हणजे रांगेत हजर व्हा, ड्रिल, मॅप रीडिंग, .२२ रायफलचं फायरिंग, मेसच्या रांगेत स्वतःचं ताट घेऊन उभं राहा, धुवा, बूट पॉलिश करा. कोणी लाड करत नाही आणि एकाने चूक केली की अख्खी लाइन परत पळते, यात पोरं एकमेकांना सांभाळायला शिकतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण स्वतःचं डोकं चालवायला वाव कमी, सांगितलं ते करायचं. आणि अडचण म्हणजे शाळेत युनिटच नसेल तर विषय संपला. असलं तरी बहुतेक शाळांत आठवीतच नाव घालावं लागतं, कारण ‘ए’ सर्टिफिकेट, म्हणजे शाळेतल्या एनसीसीचं प्रमाणपत्र, दोन वर्षांचं. नववीत जाग आली तर उशीर झालेला असतो.

यूथ हॉस्टेलचं प्रकरण वेगळंच. सारपासचा बेस कॅम्प हिमाचलात कसोलला, पास म्हणजे डोंगरातली खिंड साधारण चार हजार दोनशे मीटरवर, पहिले दिवस हवेची सवय आणि रॉक क्लाइंबिंगमध्ये जातात. डबा, चमचा, पेला आपला आपण न्यायचा आणि बर्फासारख्या पाण्यात आपणच धुवायचा. रात्री कॅम्पफायर, मग बोर्नव्हिटा. मुलांसाठी खास असं काही नाही, बॅचमध्ये पन्नाशीचे काका, कॉलेजची पोरं, बँकेतल्या मॅडम सगळे असतात आणि मला तीच गोष्ट आवडली. आमची लेक एका काकूंची सॅक धरून चढवायला मदत करत होती, घरी पाण्याची बाटली भरत नाही ती! मात्र वयाची अट आणि मेडिकल सर्टिफिकेट आधी बघा, आणि पहिल्याच खेपेला एकटं पाठवू नका, आम्ही तिच्या मामाला बरोबर धाडलं.

तेव्हा शाळेत एनसीसी असेल आणि पोरगं अजून सातवीत असेल तर डोळे मिटून तेच. नववीत असेल तर यंदा जवळचाच लहान कॅम्प, पण ताटं मुलांनी घासायची असतील असाच शोधा, आणि दहावीची परीक्षा झाली की सारपाससाठी मामाला पटवा. सॅक मात्र त्यालाच भरू द्या, मोजे विसरला तर विसरला.