‘बिलीव्ह मी’: डोळ्यांपेक्षा कानांनी वाचावं असं आत्मचरित्र

ब्रिटिश स्टँड-अप विनोदवीर एडी इझार्डचं हे आत्मचरित्र २०१७ साली आलं. छापील प्रत घ्यावी की ऑडिओबुक, असा प्रश्न असेल तर सरळ ऑडिओबुक घ्या.

कारण असं की इझार्डला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचण्या-लिहिण्यात अडचण येते. तिचे स्टँड-अप कार्यक्रमही आधी लिहून काढलेले नसतात; रोज रात्री बोलत बोलत ते घडत जातात. पुस्तकाला लॉरा झिगमन या लेखिकेचा हात लागलाय, तरी बाज बोलण्याचाच आहे. कागदावर ही वाक्यं सैल वाटतात, तेच ते पुन्हा येतं, आणि तळटीपा इतक्या की नजर सारखी खाली-वर. ऑडिओत इझार्ड स्वतः वाचते आणि वाचता वाचता पुस्तक सोडून भलतीकडेच निघते. तळटीप, मग त्या तळटीपेवर आणखी एक फाटा. छापलेल्या पानावर जो पसारा वाटतो, त्याचीच इथे मैफल होते. फक्त वेग वाढवू नका. सव्वापटीवर ठेवलंत की मधले थांबे आवळले जातात, आणि निम्मे विनोद त्या थांब्यांतच आहेत.

पहिला अर्धा भाग अव्वल. १९६२ साली येमेनमधल्या एडन शहरात जन्म, वडील बीपी या तेल कंपनीत, मग उत्तर आयर्लंड, मग वेल्स. १९६८ मध्ये आई कॅन्सरने गेली तेव्हा वय सहा; त्यानंतर बोर्डिंग शाळा. आईचं प्रेम गेलं म्हणून प्रेक्षकांचं शोधलं, हे इझार्ड गळा न काढता सांगते. शेफील्डच्या विद्यापीठातली अकाउंटन्सी अर्धवट सोडून लंडनमधल्या कॉव्हेंट गार्डनच्या रस्त्यावर खेळ करण्याची वर्षं तर ओपन माइकवाल्यांनी, म्हणजे खुल्या मंचावर हात आजमावणाऱ्या नवख्यांनी, दोनदा ऐकावीत. तिकीट काढून आलेला माणूस निदान बसून राहतो. रस्त्यावरचा कंटाळला की चालू लागतो. लंडनच्या कॉमेडी स्टोअर या विनोदी क्लबचा मंच १९८७ मध्ये मिळाला, एडिंबरा महोत्सवातल्या पेरिये या विनोदी पुरस्काराचं नामांकन १९९१ मध्ये. आणि आपण ट्रान्स आहोत हे उघड सांगणं त्याही आधीचं, १९८५ चं. नाव कमावल्यावर धीर आला असं झालेलं नाही. आधी ड्रेस घालून रस्त्यावर उतरण्याची भीती मोडली, पुढच्या भीती त्या मानाने हलक्या गेल्या.

उत्तरार्ध रेंगाळतो. चित्रपट, राजकारण, धावणं. २००९ मध्ये ५१ दिवसांत ४३ मॅरेथॉन, २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत २७ दिवसांत २७: आकडे थक्क करतात, पण यश सांगताना इझार्डची धार बोथट होते. ‘ड्रेस टू किल’ या तिच्या स्टँड-अप कार्यक्रमाला २००० साली एमी हे अमेरिकी टीव्ही पुरस्कार दोन मिळाले, तो आधी पाहून घ्या, म्हणजे आवाजाची लय कानात बसते.

एक मराठी अडचण. इंग्रजी ‘आय’मध्ये लिंग लपून जातं, मराठीत पहिल्याच क्रियापदाला ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे ठरवावं लागतं. पुस्तक आलं तेव्हा इझार्डसाठी सर्रास पुल्लिंगी सर्वनाम वापरलं जाई. २०२० पासून ‘ती’, आणि २०२३ पासून सूझी हे नावही. एडी म्हटलेलं तिला चालतं, म्हणून इथे मुखपृष्ठावरचं नाव ठेवलंय, क्रियापद मात्र आजचं. अनुवाद करू पाहणाऱ्याची खरी कसोटी बालपणाच्या प्रकरणांत लागेल.

ऐकताना आवडलेल्या जागी लगेच बुकमार्क टाका. उत्स्फूर्त फाटे छापील प्रतीत नाहीत, त्यामुळे नंतर पानं चाळून ते सापडणार नाहीत.