मेंदूतल्या कणाला वीज: रेडिओलहरी की अल्ट्रासाउंड?

पंचवटीतल्या भाचीचा कॉलेज प्रोजेक्ट: मेंदूत बसवायच्या मिलिमीटरभर यंत्राला, म्हणजे ‘कणा’ला, बिनतारी वीज कशी द्यावी? बॅटरी तिथे मावतच नाही.

रेडिओलहरी कवटी ओलांडतात. ब्राउन विद्यापीठाने २०२१ मध्ये उंदराच्या मेंदूवर असे ४८ कण चालवून दाखवले. पण कण जितका लहान तितकी त्याची अँटेना लहान, वीज नगण्य. जोर वाढवावा तर ऊती तापतात.

अल्ट्रासाउंडचं, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींचं, गणित निराळं. दीड मेगाहर्ट्झला ऊतींमधली तरंगलांबी जेमतेम १ मिलिमीटर, म्हणून इवलासा पिझो स्फटिकही (दाब पडला की वीज देणारा) ऊर्जा नीट पकडतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ‘न्यूरल डस्ट’ नावाच्या अशाच कणाने २०१६ मध्ये उंदराच्या नसेवर हे दाखवलं. घोडं अडतं कवटीत; हाडच बरीच ऊर्जा गिळतं. वर त्वचेवर लावायच्या जेलचा चिकटा वेगळाच!

तिला म्हटलं, बाई गं, नसांसाठी अल्ट्रासाउंड घे, मेंदूच्या पृष्ठभागासाठी रेडिओच बरा.