एमडीएडीएम : पडलेला ॲरे उभा करताना हे साधन किती कामाचं?

लिनक्सवरचा सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क जोडून एकच डिस्क म्हणून चालवणारी व्यवस्था; त्या जोडणीला ॲरे म्हणतात) पडला की सगळी भिस्त एमडीएडीएम या कमांड-लाइन साधनावर असते. नील ब्राउन यांनी 2001मध्ये लिहायला घेतलेलं हे साधन नवा ॲरे बांधायला सोपं आहेच. पण त्याची खरी पारख होते ती चार डिस्कच्या रेड-5मधल्या (ही मांडणी एकच डिस्क गेलेली सोसते) दोन डिस्क गळाल्यावर. तिथे ते उत्तम उतरतं, एक कमांड सोडून.

सर्वांत मोलाचं काम 'एक्झामिन' करतं. प्रत्येक डिस्कच्या सुपरब्लॉकमधली (डिस्कवरची ॲरेची ओळखनोंद) माहिती ते समोर मांडतं: ॲरेचा यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक), चंक साइज (एका डिस्कवर सलग पडणाऱ्या तुकड्याचा आकार), डेटा ऑफसेट (डेटा डिस्कवर कुठून सुरू होतो), डिस्कचा ॲरेतला क्रमांक, शेवटची नोंद कधी झाली आणि इव्हेंट काउंट (ॲरेतल्या बदलांसोबत वाढत जाणारा आकडा). काहीही करण्याआधी हे सगळं फाइलमध्ये उतरवून ती फाइल दुसऱ्या मशीनवर ठेवावी. डिस्कची एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, म्हणून सोबत डिस्कचे सीरियल नंबरही लिहावेत.

निदान इव्हेंट काउंटवरूनच होतं. तीन डिस्कवर आकडा सारखा किंवा थोडाच मागेपुढे असेल, तर बहुधा केबल, पॉवर किंवा कंट्रोलरचा घोटाळा असतो. आधी अर्धवट जुळलेला ॲरे 'स्टॉप' करायचा, नाहीतर डिस्क बिझी असल्याची तक्रार येते. मग 'असेंबल'ला (ॲरे पुन्हा जुळवणारी कमांड) 'फोर्स' जोडायचं. किंचित मागे राहिलेल्या डिस्कचा काउंट ते पुढे ओढतं आणि ॲरे सुरू होतो. चौथी डिस्क हजारो इव्हेंट मागे असेल तर तिला यात मुळीच घेऊ नये; तिच्यावरचा डेटा शिळा आहे. तीनवर ॲरे चालवून ती नंतर नव्याने जोडावी.

दोन डिस्क जाण्यामागे बरेचदा एकच कारण असतं, आणि ते एमडीएडीएमच्या हातात नाही. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला मिनिटभर किंवा त्याहून जास्त झगडते. कर्नल (लिनक्सचा गाभा) मात्र 30 सेकंदांनी कंटाळून लिंक रीसेट करतो आणि धडधाकट डिस्क ॲरेबाहेर फेकली जाते. डिस्कला एससीटी ईआरसी (खराब सेक्टरशी झगडण्याची वेळ बांधून देणारी सोय) जमत असेल तर स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणीच्या साधनाने ती मर्यादा 70, म्हणजे 7 सेकंद करावी. जमत नसेल तर कर्नलचा टाइमआउट 180 सेकंद करावा. ही सेटिंग रीबूटनंतर टिकेलच असं नाही, तेव्हा बूट स्क्रिप्टमध्ये टाकावी. हा इशारा साधनानेच द्यायला हवा होता असं मनापासून वाटतं.

डिस्क खरंच मरायला टेकली असेल तर तिच्यावर रीबिल्ड (उरलेल्या डिस्कवरून गेलेल्या डिस्कचा डेटा पुन्हा भरणं) चालवू नये. जीएनयू डीडीरेस्क्यू या नक्कल काढणाऱ्या साधनाने, किती वाचून झालं याची मॅप फाइल ठेवून, तिची नव्या डिस्कवर नक्कल घ्यावी आणि ॲरे नकलेवरून जुळवावा. जुनी डिस्क तेव्हा काढून ठेवावी. दोन्हींवर एकच यूयूआयडी असतो.

आता ती एक कमांड: 'क्रिएट'. फोर्स फसलं की लोक तिच्याकडे धावतात. डिस्क आधीच एका ॲरेत असल्याचं सांगून ती 'पुढे जाऊ का' विचारते आणि होकार मिळताच जुना सुपरब्लॉक पुसते. रेड-5मध्ये वर शेवटच्या डिस्कवर रीबिल्डही सुरू होतं; क्रम चुकला असेल तर त्या डिस्कवरचा डेटा गेलाच. 'ॲझ्यूम-क्लीन'ने रीबिल्ड थांबतं, पण क्रम, चंक, मेटाडेटा (सुपरब्लॉक) आवृत्ती आणि डेटा ऑफसेट हुबेहूब द्यावे लागतात. चंकचा डिफॉल्ट पूर्वी 64 केबी होता, नंतर 512 झाला. ऑफसेटही आवृत्तीगणिक बदलला. त्यात आणखी एक खोडा: एक्झामिन ऑफसेट सेक्टरमध्ये दाखवतं, क्रिएट मात्र तो किलोबाइटमध्ये घेतं. 262144 सेक्टर दिसले तर 131072 द्यायचे. इतक्या नाजूक जागी दोन एककं ठेवणं ही गंभीर त्रुटी आहे.

म्हणून असा कोणताही प्रयोग ओव्हरलेवरच (मूळ डिस्क न बदलता लिखाण वेगळीकडे साठवणारा थर) करावा. प्रत्येक डिस्कसाठी एक स्पार्स फाइल (लिहिलं तेवढीच जागा घेणारी), तिच्यावर लूप डिव्हाइस (फाइल डिस्कसारखी वापरू देणारं), डीएमसेटअप कमांडने स्नॅपशॉट, आणि मूळ डिस्क ब्लॉकडेव्ह कमांडने रीड-ओन्ली. सगळं लिखाण फाइलमध्ये जातं. क्रम चुकला तर ओव्हरले टाकून नव्याने सुरुवात. फाइलची जागा संपली की स्नॅपशॉट बाद होतो, एवढं सांभाळावं. हे जुळवणं किचकट आहे, आणि एमडीएडीएममध्ये त्याची सोय नाही.

ॲरे उभा राहिला की लगेच माउंट करू नये. फाइलसिस्टिम एक्स्ट4 असेल तर एफएसचेक 'एन'सह, एक्सएफएसवर रिपेअर 'एन'सह, म्हणजे काहीही न लिहिता तपासावं. त्रुटींचा पूर आला तर क्रम किंवा ऑफसेट चुकलाय. दुरुस्तीला होकार देऊ नका. निकाल स्वच्छ असेल तर रीड-ओन्ली माउंट करून, एक्स्ट4ला 'नोलोड' आणि एक्सएफएसला 'नोरिकव्हरी' (फाइलसिस्टिमची अपुरी राहिलेली नोंदवही पुन्हा न चालवणारे पर्याय) लावून, आधी डेटा बाहेर काढा. नवी डिस्क जोडणं त्यानंतर.